सतरा नंबरची नळी

"थांबा. त्या डब्यात काय आहे?"

फाटकाच्या आत मी एकच पाऊल टाकलं होतं. समोर पांढराशुभ्र सदरा, कानाला मफलर आणि हातात पितळी तांब्या घेतलेले एक उंच गृहस्थ उभे होते. चिखलदऱ्याची जानेवारीतली सकाळ होती. परतवाड्याहून घाट चढून आलेल्या बसमध्ये माझी बोटं इतकी गारठली होती की डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"जंतू," मी म्हणाले.

खोटं बोलायला हवं होतं. 'सामान' म्हणाले असते तरी चाललं असतं. पण वय चोवीस आणि एम.एस्सी.चा निकाल ताजा, त्यामुळे जे असेल ते नेमकं सांगायची सवय होती.

"बाहेर ठेवा," ते म्हणाले. "आणि हात धुवा. साबण त्या दगडावर आहे. पाय पण."

"अवो, येऊ द्या ना तिले आत! थंडीनं काकडली पोरगी," घरातून आवाज आला. "मीच बलावलं हाय तिले."

"तुम्ही मुलीला बोलावलंत. जंतूंना नाही बोलावलं."

हे गुणवंतराव धर्माळे. नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक म्हणून तेहेतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. विहिरीत ब्लीचिंग पावडर, गटारीवर फवारा, हॉटेलांच्या मोऱ्या तपासून नोटिसा, यात त्यांचं आयुष्य गेलेलं. सगळा गाव त्यांना काकाजी म्हणायचा. आतून बोलल्या त्या सुलोचनाकाकू. चार एकरांचा कॉफीचा मळा त्यांचा, वडलांकडून आलेला. महाराष्ट्रात कॉफी पिकते हेच पुष्कळांना ठाऊक नसतं, पण चिखलदऱ्याला ती पिकते, सिल्व्हर ओकच्या सावलीत, लालबुंद फळांची.

काकूंची अडचण अशी होती की त्यांची कॉफी त्यांनाच पिववत नव्हती. ओल्या पोत्यासारखा वास यायचा. व्यापारी ती दुसऱ्या मालात मिसळून टाकायचा, कुठून आली हे सांगायचासुद्धा नाही. घरी पाहुणे आले की काकू मुकाट्याने चहा टाकायच्या. अमरावतीच्या कृषी प्रदर्शनात त्या आमच्या सरांच्या टेबलापाशी थांबल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या मळ्यात या." सरांनी त्यांच्या मळ्यातली फळं मागवली. त्या फळांच्या सालीवरून मी एक्केचाळीस प्रकारचे सूक्ष्मजीव वेगळे केले आणि एक्केचाळीस काचेच्या नळ्यांत वाढवले. सतरा नंबरची नळी उघडली की पिकल्या पेरूचा वास यायचा. माझी सगळी आशा त्या नळीवर होती.

आशा म्हणजे काय, तर मार्चमध्ये आमच्या प्रकल्पाची मुदत संपत होती. बाबांनी परतवाड्याच्या एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. तिथे मला लोकांची लघवी तपासायची होती. काम वाईट नव्हतं. पण माझं मन सतरा नंबरमध्ये होतं.

तर हात धुतले, पाय धुतले, आणि ओट्यावर बसून मी काकाजींना समजावू लागले. कॉफीचं फळ सोललं की आतल्या बीला चिकट गर असतो. तो सुटावा म्हणून बिया एक दीड दिवस पिंपात ठेवतात. तिथे त्या आंबतात, म्हणजे जंतूच तो गर खातात. आता कुठले जंतू येऊन खातील ते नशिबावर असतं. आपण चांगले जंतू आधीच घातले, तर चवही चांगली उतरेल.

"म्हणजे खाण्याच्या वस्तूत तुम्ही मुद्दाम जंतू घालणार," काकाजी म्हणाले.

"हो, पण आपण विरजण लावतो ना, तसंच. तुम्ही दही खाता ना, काकाजी?"

"नाही."

मी काकूंकडे पाहिलं.

"तेहेतीस वर्षांत खाल्लं नाई," काकू म्हणाल्या. "मी शेजारी जाऊन खाते."

माझं हुकमी उदाहरण असं पहिल्याच झटक्यात बाद झालं. पण मळा काकूंचा होता. काकाजींनी एक पिंप द्यायचं कबूल केलं, एकच, आणि तेही घरापासून वीस पावलं लांब.

मी एकच अट घातली. "टाकीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकू नका. एवढा आठवडा."

काकाजींनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मी विचारलं नाही.

दोन दिवस मी गुळाच्या पाण्यात सतरा नंबर वाढवला. तिसऱ्या दिवशी फुलवंती कास्देकर भल्या सकाळी टोपलीभर लाल फळं घेऊन आली. फुलवंती कोरकू, खालच्या पाड्यावरची. एकोणीस वर्षं ती या मळ्यात फळं तोडत होती आणि सोलायचं मशीन तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. सोललेल्या बियांची पाटी डोक्यावर घेऊन ती पिंपापाशी थांबली, आत वाकून पाहिलं.

"मॅडम, घासू का पिंप? काठाले मागचं वाळलं हाय."

मी घड्याळ पाहिलं. एक वाजता पोस्टाशेजारच्या बूथवरून सरांना फोन करायचा होता आणि 'प्रयोग सुरू झाला' असं सांगायची मला भारी घाई होती.

"नको, पाण्याने विसळ नुसतं. उशीर होतोय."

फुलवंतीने विसळलं. बिया ओतल्या, मी गुळाचं पाणी ओतलं, झाकण घातलं आणि बूथकडे पळत सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं आणि दोन पावलं मागे सरले. पेरूचा वास सोडाच, कुजक्या कांद्यासारखी घाण येत होती. वर राखाडी साय धरली होती. बी हातात घेतली तर बोटांना बुळबुळीत तार लागली.

काकू पदर नाकाला लावून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पाहूनच मला रडू फुटेल असं वाटलं.

तेवढ्यात मागून काकाजी आले. पिंपात डोकावले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण ते मफलर सोडून हातात गुंडाळू लागले आणि खाली पाहत म्हणाले, "बाई, एक सांगायचं आहे. परवा गुरुवार होता. दर गुरुवारी मी टाकीत पावडर टाकतो. तुम्ही नको म्हणाला होतात. पण हाताला सवय आहे हो, राहवलं नाही. टाकली. तुमचे जंतू मीच मारले."

आणि मला इतकं हलकं वाटलं, काय सांगू! छातीवरचं ओझं कुणीतरी अलगद उचलून घ्यावं तसं.

मला खरं काय ते दिसत होतं. पिंप विसळलं तोवर पावडर पडून दिवस उलटला होता, उघड्या टाकीत तिचा असर केव्हाच उडून गेला असणार. शिवाय क्लोरीनने जंतू मेले असते तर पिंप कुजलं नसतं. कुजलं, कारण काठाला वाळून बसलेल्या जुन्या गरात दुसरीच फौज दबा धरून होती, आणि तिने माझ्या सतरा नंबरला खाऊन टाकलं. पिंप घासायला मी नको म्हटलं होतं. फुलवंती तिथेच उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पाटी उचलून निघून गेली.

मी म्हणाले, "जाऊ द्या, काकाजी."

एवढंच म्हणाले.

दुपारी मी सरांना अहवाल लिहिला. 'मळ्यावरच्या गुणवंतराव धर्माळे यांनी पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकल्यामुळे प्रयोग वाया गेला.' पोस्टात टाकायला काकाजीच निघाले होते. पाकीट बंद करताना ते म्हणाले, "माझं नाव लिहिलं ना? स्पष्ट लिहा. सरकारी कामात संदिग्ध ठेवू नये." मी हो म्हणाले. त्यांनी पाकीट सदऱ्याच्या खिशात ठेवलं, पण पोस्ट जेवणाच्या सुट्टीला बंद असतं म्हणून ओट्यावर टेकले. मी डबा भरायला घेतला. चारची बस होती.

"जाशीन तं जाशीन," काकू म्हणाल्या, "पण ते जंतू दाखवून तरी जा. इतके दिवस नुसतं ऐकूनच राह्यलो."

माझ्याकडे कॉलेजचा जुना सूक्ष्मदर्शक होता, खाली आरसा असलेला, उन्हावर चालणारा. ओट्यावर चांगलं ऊन आलं होतं. पिंपातला एक थेंब काचेवर घेतला, आरसा फिरवला, भिंग जुळवलं. काकूंनी चष्मा काढून डोळा लावला.

"अगं बाई!" त्या ओरडल्या. "अवो, हे तं पळून राह्यले! जिऱ्यासारखे हायेत, आन् कशे पळतेत! अवो, पाहा ना!"

"मला काय पाहायचं," काकाजी म्हणाले. "आयुष्यभर तेच केलं."

"पाहिले होते का कधी?" मी विचारलं.

काकाजींनी एकदा सूक्ष्मदर्शकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही. आम्हाला पाण्याचे नमुने वर पाठवायचे असत. वरून कागद यायचा, दूषित किंवा अदूषित. बस्स."

तेहेतीस वर्षं! ज्यांच्याशी हा माणूस रोज लढला, त्यांचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं.

ते उठले. साबण लावून हात धुतले, का कोण जाणे. खुर्ची ओढून बसले आणि डोळा लावला. बराच वेळ हललेच नाहीत. मान तशीच वाकलेली ठेवून एक बोट तेवढं हवेत हलवत होते. मला कळेना काय करताहेत. मग लक्षात आलं, मोजत होते.

"बाई," त्यांचा आवाज वेगळाच येत होता, "हे सगळे जिवंत आहेत?"

"हो."

"आणि हे आजच्या पाण्यातले. म्हणजे पिंपातलेच."

"हो."

त्यांनी डोळा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ उठला होता.

"मग मी मारलं कुणाला?"

हिशेब साधा होता. तो माणूस रागावलाही नव्हता, संशयानेही विचारत नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. काकू माझ्याकडे पाहत होत्या. अंगणात फुलवंती बिया वाळवायच्या चाळण्या झाडत होती, तिचा हातही थांबला.

"कुणालाच नाही, काकाजी," मी म्हणाले. "पावडरीने काही झालं नाही. पिंप घाण होतं. फुलवंती घासते म्हणाली होती. मीच नको म्हणाले, मला फोन करायची घाई होती. तुम्ही सकाळी सांगितलंत तेव्हाच मला ठाऊक होतं. मी गप्प बसले."

माझे कान तापले होते. काकाजींनी खिशातून पाकीट काढलं, माझ्यापुढे ओट्यावर ठेवलं आणि आत निघून गेले.

मला वाटलं, संपलं. आता बसची वाट बघत फाटकाबाहेर उभं राहायचं. पण ते परत आले ते एक जाड वही घेऊन. मधे कार्बन होता. खाली बसून त्यांनी चष्मा चढवला, सावकाश लिहिलं, पान फाडलं आणि माझ्या हातात दिलं.

'प्रति, कु. प्रणिता काळमेघ. आज रोजी केलेल्या तपासणीत आपल्या ताब्यातील पिंप अत्यंत अस्वच्छ आढळून आले. ही नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत सुधारणा करावी. कसूर झाल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल.'

"योग्य ती कारवाई म्हणजे काय?" मी कसंबसं विचारलं.

"ते तेहेतीस वर्षांत आम्हालाही नीट कळलं नाही. सही करा."

काकूंना हसू आवरेना. मी सही केली, आणि सही करताना डोळ्यातून टपकन पाणी पडलं ते नेमकं कार्बन कॉपीवर. चारची बस गेली. तीन दिवस मला नाहीतरी हवेच होते, कारण नळीच्या तळाशी सतरा नंबर थोडा उरला होता आणि तो पुन्हा वाढायला तेवढा वेळ लागणार होता. पाकीट फाडून मी सरांना दुसरं पत्र लिहिलं, त्यात जे घडलं तेच लिहिलं.

त्या तीन दिवसांत मी जे शिकले ते दोन वर्षांच्या एम.एस्सी.त शिकले नव्हते. काकाजींनी ताबा घेतला. फुलवंतीने नारळाच्या काथ्याने पिंप आतून, बाहेरून, काठाखालून घासलं. काकाजींनी ते ब्लीचिंग पावडरीने धुतलं, मग तीन पाण्यांनी खळबळलं, मग उन्हात उलटं घातलं.

"पण काकाजी, पावडरीचा अंश राहिला तर..."

"बाई, हे मला शिकवता?" त्यांनी कपाटातून लहानशी बाटली काढली. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन उतरलं की नाही हे बघायचं द्रावण. पिंपातलं शेवटचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन त्यात दोन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. सगळा जन्म त्यांनी पाणी पिवळं व्हायची वाट पाहिली होती. त्या दिवशी आम्ही चौघं पेल्यावर वाकून ते पांढरंच राहावं म्हणून श्वास धरून बसलो. पांढरंच राहिलं.

"आता तुमच्या लोकांना या म्हणावं," काकाजी म्हणाले. "घर झाडून ठेवलंय."

काकूंनी पाणी उकळून निववलं. सोलायचं मशीनसुद्धा सुटं करून धुतलं गेलं. फुलवंतीने एकेक फळ निवडून घेतलं, हिरवं एकही नाही. चौथ्या दिवशी सकाळी बिया पिंपात गेल्या, वरून सतरा नंबर.

संध्याकाळ झाली तशी थंडी पडू लागली. गारठ्यात माझे जंतू सुस्तावतील ही भीती होती. मी तसं बोलून दाखवलं. काकाजी आत गेले आणि स्वतःच्या अंथरुणातली गोधडी घेऊन आले. पिंपाला ती गुंडाळली, वरून सुतळी बांधली. मग थोडं मागे सरून पाहिलं, पुढे झाले आणि गळ्यातला मफलर काढून झाकणाभोवती आवळला.

"अवो, मले ताप आला तवा इतकं नव्हतं केलं कधी," काकू म्हणाल्या.

"तुम्ही एकट्या होतात. हे कोट्यवधी आहेत," काकाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर झाकण उघडलं. आधी कुणी जवळ जाईना. मग फुलवंतीच पुढे झाली, वाकली, नाकाने हुंगलं आणि वळून म्हणाली, "जाम." आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. तिने मूठभर बिया चोळल्या. खडीसारख्या करकरल्या. गर सुटला होता. काकूंनी तिथेच डोळे मिटून हात जोडले. काकाजी मात्र सूक्ष्मदर्शक मागू लागले. त्यांना हजेरी घ्यायची होती.

फेब्रुवारीत सरांच्या ओळखीने कर्नाटकातल्या कोडगूचे चेंगप्पा आले. कॉफी चाखणं हाच त्यांचा व्यवसाय. त्यांनी चांगलं म्हटलं तर काकूंची कॉफी स्वतःच्या नावाने विकली जाणार होती, नाहीतर ते पुन्हा या डोंगरावर कशाला येतील? ओट्यावर सहा पेले मांडले. तीन नेहमीच्या पिंपातले, तीन सतरा नंबरचे. कुठला कोणता ते त्यांना सांगितलं नव्हतं. ते चमचाभर कॉफी तोंडात घेत, सुर्रकन मोठा आवाज करत, थुंकत आणि पुढे सरकत. त्या आवाजाने काकाजींच्या कपाळावर आठ्या पडल्या, थुंकताना तर ते अर्धे उठलेच. काकूंनी त्यांचा सदरा धरून खाली बसवलं.

चौथ्या पेल्यापाशी चेंगप्पा थुंकले नाहीत. गिळलं. पुन्हा घेतलं. पाचव्यावर गेले, सहाव्यावर गेले, परत चौथ्यावर आले.

"ये आप ने क्या किया है?" त्यांनी विचारलं.

मी बोलायच्या आत काकाजी उभे राहिले. "सफाई किया," ते म्हणाले. "और फिर इस लड़की ने जंतू डाले." हे सांगताना त्यांची छाती अशी फुगली होती की जणू त्यांनीच ते जन्माला घातले.

चेंगप्पांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मळ्याचं नाव काय लावायचं ते विचारलं. काकूंना प्रश्न कळलाच नाही. चार एकरांना कुणी नाव विचारेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी उतरताना मी परतवाड्याच्या लॅबमध्ये गेले आणि डॉक्टरांना येत नाही म्हणून सांगितलं. बाबा महिनाभर बोलले नाहीत. आज वीस वर्षांनी माझ्या हाताखाली सहा मुली आहेत, चार राज्यांत आमचं विरजण जातं. नवी मुलगी आली की पहिले पंधरा दिवस मी तिला नळीला हात लावू देत नाही, नुसती पिंपं घासायला लावते. त्यांना वाटतं बाई कडक आहेत. पण पिंप नीट घासायला दोन दिवस पुरतात. बाकीचे दिवस मी वाट पाहते, एखादं पिंप बिघडलं की ती माझ्यापाशी येऊन काय सांगते याची. जी येऊन 'मी बिघडवलं' म्हणते, तिला मी नळी देते.

पण मला त्या दिवसातलं आठवतं ते चाखणं संपल्यानंतरचं. काकूंनी चौथा पेला उचलला, दोन्ही हातांत धरला आणि आपल्या वडलांच्या झाडांची कॉफी पहिल्यांदा मुकाट्याने, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. मग नवा पेला भरला आणि अंगणात फुलवंतीकडे नेला. फुलवंती दचकली. एकोणीस वर्षं तिने ही फळं तोडली होती, पण कॉफी म्हणून ती कधी चाखली नव्हती. कुणी दिलीच नव्हती. काकूंनाही ते त्याच क्षणी उमगलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "बस आधी," आणि ओट्यावर स्वतःच्या शेजारी जागा केली.

फुलवंती बसली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो, चेंगप्पासुद्धा. तिने घोट घेतला. थोडा वेळ तोंडात धरला. मग तिचं सगळं तोंड वाकडं झालं.

"कडू हाय," ती म्हणाली. "साखर नाई टाकली का?"

चेंगप्पांनी कपाळाला हात लावला. काकाजी आत गेले, साखरेचा डबा घेऊन आले, आणि चमचा पुसून एक, दोन, तीन चमचे तिच्या पेल्यात टाकले. तिने बोटाने ढवळलं. काकाजींनी ते बोट पाहिलं, आणि काहीही बोलले नाहीत.

"आता बरी झाली," फुलवंती म्हणाली, आणि आरामात पाय पसरून पिऊ लागली.